विंडो-आइजच्या जुन्या स्क्रिप्ट एनव्हीडीएवर न्यायच्यात, सुरुवात कुठून करू?

रोजकीर्द_सातारा

नमस्कार मंडळी. मी पूर्ण अंध, साताऱ्याकडच्या एका पतसंस्थेत लेखनिक. दिवसभर व्हाउचर घालायची आणि संध्याकाळी रोजकीर्द जुळवायची, हे माझं काम. टेबलावर अजून विंडोज ७ आहे आणि त्यावर विंडो-आइज, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१० किंवा त्यापुढचं असणाऱ्यांना ते फुकट मिळायला लागलं, तेव्हा उतरवून घेतलं होतं. २०१७ मध्ये ते बंद झालं म्हणे. झालं असेल. माझ्याकडे चालत होतं, आणि चालतं काम कोण मोडतंय?

आता मोडावं लागतंय. लेखापरीक्षणात विंडोज ७ वर शेरा आला, संचालक मंडळानं विंडोज ११ चा नवा संगणक मंजूर केला. त्यावर एनव्हीडीए हा फुकटचा स्क्रीन रीडर टाकून पाहिलं. वर्ड, एक्सेल, ब्राउझर सगळं झकास, विंडो-आइजपेक्षा कितीतरी सरस. फक्त ज्याच्यावर माझं पोट चालतं, तो पतसंस्थेचा प्रोग्राम मुका.

प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला आहे. 'नवं सॉफ्टवेअर घ्या' हे उत्तर कृपा करून देऊ नका. ते ठरवणारे लोक वेगळे, आणि त्यांच्या बैठकीत मी फक्त चहा सांगायला जाते.

विंडो-आइजसाठी मी व्हीबीस्क्रिप्टमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली होती. ती तीन कामं करायची. कंट्रोल-शिफ्ट-एस दाबलं की समोरच्या खात्याची शिल्लक वाचायची. फॉर्मच्या तळाशी 'शिल्लक' असं लिहून पुढं आकडा असतो, तिथं टॅब पोचतच नाही.

दुसरं काम हायपरॲक्टिव्ह विंडोचं. ज्यांनी विंडो-आइज वापरलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पडद्यावर एक चौकोन आखून द्यायचा, त्यात काही बदललं की ते आपणहून बोलतं. माझा चौकोन जमा-नावे फरकाच्या ओळीवर होता. व्हाउचर जुळलं नाही की तिथं लाल अक्षरं उमटतात आणि मला त्याच क्षणी ऐकू यायचं. हे नसेल तर संध्याकाळी साडेपाचला साडेतीन रुपयांचा फरक शोधत बसा, आणि कॅशिअरचं तोंड बघवत नाही. मला ते तसंही दिसत नाही, पण त्याच्या खुर्चीचा आवाज येतो.

तिसरं सगळ्यात चिवट. त्या प्रोग्राममधलं मराठी युनिकोड नाही, कृतीदेव ०१० या जुन्या फॉन्टमधलं आहे. डोळसांना 'कर्ज' दिसतं, पण आत असतात इंग्रजी डी, टी आणि मोठा झेड. 'जमा' म्हणजे टी-ई-के, म्हणून स्क्रीन रीडर म्हणतो 'टेक'. 'नावे' म्हणजे 'उकोस'. माझी स्क्रिप्ट अक्षरांचा फॉन्ट बघायची आणि कृतीदेव असेल तर शे-सव्वाशे शब्दांच्या यादीतून खरा शब्द काढून बोलायची. एनव्हीडीए दिवसभर मला 'टेक उकोस' ऐकवतंय. जपानी शिकल्यासारखं वाटायला लागलंय.

तर विचारायचं असं: जुनी व्हीबीएस फाइल जशीच्या तशी कशालातरी जोडून चालेल का? नसेल तर एनव्हीडीए की जॉज, तो विकतचा स्क्रीन रीडर? एनव्हीडीएच्या स्क्रिप्टना लागणारं पायथन मला येत नाही, पण व्हीबीस्क्रिप्टही कुणी शिकवलं नव्हतं.

ठाणेकर_जॉजवाला

ताई, मी बरीच वर्षं जॉजवर आहे, म्हणून त्याच बाजूचं सांगतो.

तुमच्या तिन्ही कामांना जॉजमध्ये आयती जागा आहे. हायपरॲक्टिव्ह विंडोला तिथं 'फ्रेम' म्हणतात. तोच चौकोन, त्यातला मजकूर बदलला की बोल असं सांगता येतं. शिल्लक वाचायला 'गेट-टेक्स्ट-इन-रेक्ट' नावाचं फंक्शन आहे, चौकोनाचे चार आकडे दिले की आतला मजकूर हातात. प्रोग्राम समोर ठेवून इन्सर्ट-शून्य दाबा, त्याच प्रोग्रामची स्क्रिप्ट फाइल उघडते. कंट्रोल-एसनं जतन केलं की लगेच कंपाइल होते. भाषा जॉजची स्वतःची आहे, पण बेसिकच्या वळणाची. 'फंक्शन' आणि 'एंड-फंक्शन', 'इफ' आणि 'एंड-इफ'. तुम्हाला परकी वाटणार नाही.

व्हीबीएस जशीच्या तशी चालेल का, याचं अर्धं उत्तर 'हो' आहे. बाहेरच्या प्रोग्रामला जॉजकडून बोलवून घेता यावं म्हणून एक कॉम ऑब्जेक्ट, म्हणजे जोडणीचा दुवा आहे. व्हीबीस्क्रिप्टमधून क्रिएट-ऑब्जेक्ट करून 'से-स्ट्रिंग' म्हटलं की जॉज बोलतो. म्हणजे तुमच्या 'स्पीक'च्या ओळी बदलून चालतील. पण त्या नादी लागू नका. मायक्रोसॉफ्टनं २०२३ च्या ऑक्टोबरमध्येच व्हीबीस्क्रिप्ट मोडीत काढत असल्याचं जाहीर केलंय. विंडोज ११ च्या २४एच२ पासून ते ऐच्छिक भाग म्हणून आहे, पुढं आधी आपोआप बंद आणि मग गायब होणार.

अडचण पैशांची. एनव्हीडीए फुकट, जॉजला परवाना लागतो. आधी करून बघायचं तर ४० मिनिटांच्या मोडमध्ये चालतो, मग संगणक पुन्हा चालू करायचा. स्क्रिप्ट लिहून तपासायला तेवढं पुरतं, काम करायला नाही. आणि प्रत्येक आवृत्तीचं सेटिंगचं फोल्डर वेगळं, तेव्हा आवृत्ती बदलली की स्क्रिप्ट सोबत आल्यात ना, ते बघायचं.

कोलंबसकर

ताई, मी ओहायोत कॉल सेंटरला आहे. २०१७ च्या मे महिन्यात विंडो-आइजची विक्री बंद झाली तेव्हा आमच्याकडे धावपळ उडाली होती, कारण आमचा कॉल नोंदवायचा प्रोग्राम विंडो-आइजच्या स्क्रिप्टवरच चालायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं: विंडो-आइज बनवणारी जीडब्ल्यू मायक्रो इथून जवळच, इंडियानातल्या फोर्ट वेनची. २०१४ मध्ये ती एआय स्क्वेअर्डमध्ये मिसळली, म्हणजे पडदा मोठा करून दाखवणाऱ्या झूमटेक्स्टवाल्या कंपनीत. २०१६ मध्ये एआय स्क्वेअर्ड व्हीएफओनं घेतली, आणि जॉज बनवणारी फ्रीडम सायंटिफिक आधीपासून व्हीएफओच्याच घरात. एका घरात दोन स्क्रीन रीडर कशाला, म्हणून विंडो-आइज गेलं. इथल्या बऱ्याच जणांनी जॉज घेतला. मी एनव्हीडीएकडे गेलो आणि आमच्या सगळ्या स्क्रिप्ट पायथनमध्ये नव्यानं लिहिल्या.

त्यातून कळलेली गोष्ट आधी सांगतो, कारण वरच्या उत्तरात तिला ओझरता स्पर्श झालाय. भाषांतर करायला बसू नका. 'स्पीक'च्या जागी एनव्हीडीएचं 'यूआय डॉट मेसेज', 'रजिस्टर-हॉटकी'च्या जागी स्क्रिप्ट डेकोरेटर, एवढं दुपारच्या जेवणाआधी होतं. जुन्या फाइलमध्ये प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: हा मजकूर स्क्रिप्टला *मिळत कुठून होता*? खिडकीच्या नावातून, कंट्रोलमधून, की पडद्यावर रंगवलेल्या अक्षरांतून? बोलणं सगळ्यांना येतं, स्क्रीन रीडर बदलल्यावर बदलतं ते बघणं.

तुमच्या बाबतीत उत्तर मला इथूनच सांगता येतं. व्हीबी ६ मधलं लेबल ही खरी खिडकी नसतेच. टेक्स्ट बॉक्सला स्वतःचं विंडो हँडल, म्हणजे विंडोजनं दिलेला ओळख क्रमांक असतो, लेबलला नसतो. फॉर्म स्वतःच ती अक्षरं आपल्या अंगावर रंगवून घेतो. म्हणून टॅब पोचत नाही, आणि एनव्हीडीएच्या ऑब्जेक्ट नॅव्हिगेशनलाही सापडत नाही. रोजकीर्दीचा तक्ता बहुतेक एमएस-फ्लेक्स-ग्रिड असणार. तीच गत, आतले रकाने म्हणजे नुसतं चित्र. विंडो-आइज हे सगळं ऑफ-स्क्रीन मॉडेलमधून वाचायचं, म्हणजे प्रोग्राम पडद्यावर काय काय रंगवतोय त्याची वही ठेवायचं. एनव्हीडीएकडेही तशी वही आहे, तिला डिस्प्ले मॉडेल म्हणतात. ती फक्त जीडीआय या विंडोजच्या रंगवायच्या जुन्या पद्धतीनं रंगवलेलं पकडते. डायरेक्टराइट ही नवी पद्धत वापरणाऱ्या प्रोग्रामांत उपयोग नाही, पण व्हीबी ६ जुन्या पद्धतीचंच. तुमचा प्रोग्राम जुनाट आहे हे इथं तुमच्या पथ्यावर पडतंय.

म्हणून कोड लिहिण्याआधी ही तपासणी करा. खात्याचा फॉर्म उघडा. एनव्हीडीए-न्यूमपॅड ७ (एनव्हीडीए कळ म्हणजे बहुधा इन्सर्ट) दाबत 'स्क्रीन रिव्ह्यू'वर या. आता न्यूमपॅड ७ आणि ९ नं ओळीओळीनं वरखाली फिरा. तळाशी शिल्लक ऐकू आली की जिंकलात, पुढची सगळी मजुरी आहे. ऐकू आली नाही तर जॉजच्या डेमोत हेच करून बघा आणि मगच पैशांचा विचार करा.

मजुरी अशी. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जा. आधी 'मला धोका समजला' अशा अर्थाची खूण करावी लागते, मग डेव्हलपर स्क्रॅचपॅडची, म्हणजे स्वतःचा कोड ठेवायच्या फोल्डरची खूण करा. शेजारीच ते फोल्डर उघडायचं बटण आहे. त्यातल्या 'ॲप-मॉड्यूल्स' फोल्डरमध्ये तुमच्या प्रोग्रामच्या ईएक्सईचं जे नाव, त्याच नावाची पीवाय, म्हणजे पायथनची फाइल करायची. नाव जुळलं की तो प्रोग्राम समोर आल्यावर ती फाइल आपोआप लागू होते. विंडो-आइजच्या सेट फाइलसारखं, वेगळं काही जोडावं लागत नाही. बदल केला की एनव्हीडीए-कंट्रोल-एफ३, म्हणजे सगळं पुन्हा लोड. एनव्हीडीए-एफ१ नं लॉग उघडतो, तिथं विंडो क्लासचं नाव मिळेल. फॉर्मचं 'थंडर-आरटी६-फॉर्म-डीसी' असं असेल. मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालण्याआधी एनव्हीडीए-कंट्रोल-झेडच्या पायथन कन्सोलमध्ये एकेक ओळ चालवून बघता येते, ही सोय विंडो-आइजमध्ये असती तर माझे केस इतके पांढरे झाले नसते.

पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागांना अर्थ असतो. तुम्हाला ते ऐकू यावं म्हणून डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये 'लाइन इंडेंटेशन' चालू करा, टोनवर ठेवा. बोलण्यानं कान किटतात.

शिल्लक वाचताना जुन्या स्क्रिप्टमधले चौकोनाचे आकडे उचलू नका. नव्या संगणकावर पडद्याचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असतं, आकडे हमखास हुकतात. त्याऐवजी फॉर्मचा सगळा मजकूर डिस्प्ले मॉडेलमधून घ्या, त्यात कृतीदेवमधला 'शिल्लक' शोधा आणि त्याच्या पुढचा आकडा बोला. खिडकी कुठंही सरकली तरी चालतं.

हायपरॲक्टिव्हला एनव्हीडीएत तयार पर्याय नाही. फरकाची ओळ दर अर्ध्या सेकंदाला तपासायची, मागच्या वेळेपेक्षा वेगळी असेल तर बोलायचं. पुढचा वेळ लावायला 'कोअर डॉट कॉल-लेटर' वापरा. टाइम-स्लीप चुकूनही नको, सगळा एनव्हीडीए थिजतो. आणि प्रोग्राम समोरून गेला की तपासणी थांबवा.

कानामात्रा_पुणे

मी डोळस, डीटीपीवाला. स्क्रीन रीडरमधलं मला काही कळत नाही, पण कृतीदेव वाचताना थांबलो.

यादी मोठी होत असेल तर शब्द सोडा आणि अक्षरं बदला. मात्र एकाला एक असं करू नका, गोंधळ होईल. 'शिल्लक' घ्या. आत क्रमानं असतं: एफ, ॲपॉस्ट्रॉफी, के, मोठा वाय, छोटा वाय, डी. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, ती व्यंजनाच्या *आधी* येते, युनिकोडमध्ये नंतर हवी. ॲपॉस्ट्रॉफी म्हणजे अर्धा श, त्याला के चा दांडा लागला की पूर्ण श होतो. तोच के 'जमा'मध्ये काना असतो. म्हणून आधी 'ॲपॉस्ट्रॉफी आणि के' ही जोडी श करून घ्यायची, तसाच 'डावा चौकटी कंस आणि के' याचा ख, आणि असे सगळे जोड संपल्यावर उरलेल्या के चा काना. क्रम उलटा केलात तर 'शाखा'ची वाट लागते, त्या एका शब्दात के चारदा येतो.

रफार वेलांटीच्या उलट. 'कर्ज'मध्ये मोठा झेड शेवटी आहे, तो ज च्या आधी न्यायचा. ज ला काना-मात्रा असेल तर तीही ओलांडून मागे जायचं. 'कर्जाची', 'कर्जे' हे शब्द तपासायला चांगले. हे दोन नियम शेवटी चालवा, आधी अक्षरं मग सरकवासरकव.

रोजकीर्द_सातारा

सगळ्यांचे आभार. कोलंबसकर दादा, तपासणी केली. न्यूमपॅडनं खाली गेले आणि शिल्लक ऐकू आली! 'एफ-ॲपॉस्ट्रॉफी' अशी का होईना.

फाइल लिहिली. पायथन वाटलं होतं तेवढं नाठाळ नाही. इंडेंटेशनचे टोन ऐकून शेजारच्या मॅडमनी विचारलं, हार्मोनियमचा क्लास लावलाय का.

आता दोन गोष्टी अडल्यात. 'शिल्लक' शब्द सापडतो पण त्याच्या पुढं आकडाच नसतो, आकडा पुढच्या ओळीत येतो. साहेबांना बघायला सांगितलं, ते म्हणतात पडद्यावर एकाच रेषेत आहे. दुसरं म्हणजे रोजकीर्दीचा तक्ता खाली सरकवला की मधूनच आधीच्या नोंदी पुन्हा वाचतो. पिग्मीच्या नोंदींत एजंटांची नावं सारखीच असतात, त्यामुळे पटकन लक्षातही येत नाही. आकड्यांच्या कामात हे परवडणार नाही.

तोवर शब्दांसाठी मी एनव्हीडीएचा स्पीच शब्दकोश वापरतेय. 'टेक'च्या जागी जमा, 'उकोस'च्या जागी नावे, 'केस सेन्सिटिव्ह'ची खूण करून, प्रकार 'संपूर्ण शब्द'. आवाज ईस्पीकचा मराठी. ज्यांना कोड नको त्यांना एवढंही चालेल, पण तो शब्दकोश सगळ्या प्रोग्रामांना लागू होतो, आणि शाखा ॲपॉस्ट्रॉफीनं सुरू होत असल्यानं 'संपूर्ण शब्द'मध्ये पकडला जात नाही. त्याला 'कुठेही' ठेवावं लागलं.

कोलंबसकर

आकड्याचं कारण फॉन्ट. डिस्प्ले मॉडेल अक्षरांच्या तळरेषेवरून ओळी ठरवतं. 'शिल्लक' कृतीदेवमध्ये मोठ्या मापात, आकडा दुसऱ्या फॉन्टमध्ये, तळरेषा एक-दोन पिक्सेलनं वेगळ्या, म्हणून त्याच्या लेखी ओळी दोन. डोळ्यांना एकच दिसते. शब्दाच्या ओळीत आकडा नसेल तर पुढची ओळ घ्या, पण तिच्यात नुसता आकडाच आहे हे तपासून. नाहीतर एखाद्या दिवशी शिल्लक म्हणून मुदत ठेवीचा व्याजदर वाचेल.

तक्ता जुनं वाचतो ते वहीतलं आधीचं पान न पुसल्यामुळे. विंडो-आइजमध्ये आपण पडदा ताजा करायची कळ दाबायचो, जॉजमध्ये इन्सर्ट-एस्केप आहे. एनव्हीडीएत खिडकीच्या ऑब्जेक्टला 'रीड्रॉ' नावाची मेथड आहे. तक्त्याची ओळ वाचण्याआधी ती बोलवा, मग जरासं थांबून वाचा, त्यासाठीही कॉल-लेटरच. तक्त्यात बाणानं खाली जाताना थोडा उशीर जाणवेल, पण वाचेल ते खरं.

फॉन्ट बघायची तुमची जुनी युक्ती सोडू नका. डिस्प्ले मॉडेलकडून मजकूर 'विथ फील्ड्स' मागितला की प्रत्येक तुकड्यासोबत फॉन्टचं नाव येतं. कृतीदेव असेल तरच कानामात्रांचे नियम लावायचे, म्हणजे इंग्रजी खाते-कोडांना धक्का लागत नाही. ते झालं की शब्दकोशातल्या नोंदी काढून टाका.

ठाणेकर_जॉजवाला

एक शंका. हे स्क्रॅचपॅडमध्येच ठेवायचं की ॲड-ऑन करायचं? आमच्या शाखेत अशाच एका प्रोग्रामसाठी मलाही हवंय, आणि जॉज तिथं नाही.

कोलंबसकर

एकाच संगणकावर असेल तर स्क्रॅचपॅड पुरे. दुसऱ्याला द्यायचं तर ॲड-ऑन. तोच फोल्डर, सोबत मॅनिफेस्ट नावाची छोटी फाइल, सगळं झिप करून शेवट एनव्हीडीए-ॲडऑन असा. मॅनिफेस्टमध्ये कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलंय ते लिहावं लागतं, आणि एनव्हीडीए पुढं गेलं की जुनं ॲड-ऑन आपणहून बाजूला ठेवतं. स्क्रॅचपॅडला अशी चौकशी नसते, तिथलं थेट चालतं, किंवा थेट मोडतं.

मोडण्याचे दिवसही ठरलेले असतात. एनव्हीडीएची वर्षाची पहिली आवृत्ती, पॉइंट-वन, तिच्यात आतल्या गोष्टी बदलायची मुभा असते. पॉइंट-वन नसूनही २०१९.३ मध्ये पायथन ३ आलं आणि २०२४.१ मध्ये पायथन ३.११, दोन्ही वेळा माझ्या फाइलींना हात लावावा लागला. पॉइंट-वन बहुधा वर्षाच्या पहिल्या सहामाहीत येते. ताई, तुमचा ३१ मार्च त्यातच पडतो. जानेवारीत एनव्हीडीएच्या जनरल सेटिंगमधली आपोआप अपडेट शोधायची खूण काढा, ताळेबंद झाला की परत लावा, आणि नवी आवृत्ती आधी पोर्टेबल प्रत करून पेन ड्राइव्हवर चालवून बघा. पोर्टेबल प्रतीला स्वतःचं स्क्रॅचपॅड असतं, तिथं तुमची फाइल कॉपी करायला विसरू नका.